जस्टिनाबाईंच्या वृत्तांतातलं एक पान

जस्टिना टोव्स नव्वद वर्षांच्या झाल्या, तेव्हा पाळकांनी हळूच विचारलं, वृत्तांत तयार आहे ना? त्यांच्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीतली ही जुनी रीत. माणूस गेलं की अंत्यविधीला त्याचा जीवनवृत्तांत वाचायचा, आणि शक्यतो तो त्यानेच आधी लिहून ठेवायचा. बाईंचे यजमान अब्राम यांनी आपला दीड पानात आटोपला होता, आणि त्यातलं अर्धं पान गायींचं होतं. बाईंना तसं जमेना.

तसं सगळं लिहून झालं होतं. कॅनडात मॅनिटोबातल्या सपाट शेतांमधलं बालपण, बाप्तिस्मा, लग्न, पाच मुलं, त्यातलं एक तीन दिवसांचं होऊन गेलेलं. पाराग्वेतल्या मेनोनाइट वस्तीवर दवाखान्यातल्या सेवेची तीन वर्षं, जिथे उकाड्याने मेणबत्त्या उभ्याउभ्या वाकत. गरजूंसाठी शिवलेल्या गोधड्या. आणि रविवारच्या शाळेतली सेहेचाळीस वर्षं. या शेवटच्या गोष्टीवर बाईंचा जीव. मूल अडखळलं तर त्याला शब्द पुरवायचा नाही, थांबायचं, त्याचं त्याला सापडू द्यायचं, असं त्या नव्या शिक्षिकांना सांगत.

पण १९४३च्या नाताळापाशी त्यांची लेखणी अडायची. तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. चौथ्यांदा लिहिलं आणि डोळे मिटून थोरल्या लेकीच्या, एल्फ्रीडाच्या हाती टाइप करायला दिलं.

त्या वर्षी गावात युद्धाचं सावट होतं. शस्त्र हाती धरायचं नाही, हा मंडळीचा शेकडो वर्षांचा नेम. कॉर्नेलियस लोवेनने तो मोडला आणि तो फौजेत भरती झाला. मंडळीने त्याचं नाव यादीतून काढलं. त्याची बायको चर्चला यायची थांबली, पण सहा वर्षांच्या लेनाला शेजाऱ्यांबरोबर रविवारच्या शाळेत पाठवत राहिली. जस्टिनाबाई तेव्हा तेविशीतल्या, नव्याने शिकवायला लागलेल्या. नाताळच्या आदल्या संध्याकाळी मुलं बायबलमधली वचनं म्हणून दाखवत आणि प्रत्येकाला खाकी कागदाचा पुडा मिळे. त्यात शेंगदाणे, रंगीत गोळ्या, आणि मिळालंच तर एक संत्रं. पुडे मंडळीच्या यादीवरून भरले जात.

लेनाने मेंढपाळांचं वचन न अडखळता म्हटलं आणि हात पुढे केला. यादीत तिचं नाव नव्हतं. पेटीत एक पुडा जास्तीचा होता. बाईंनी तो पाहिला. समोरच्या बाकावर बसलेल्या, लोवेनचं नाव काढणाऱ्या चर्चच्या वडीलमंडळींनाही पाहिलं. मग खाली वाकून त्या म्हणाल्या, तुझा विसरला गं, पुढच्या रविवारी आणते. तो पुडा त्यांनी कधीच नेला नाही.

एल्फ्रीडाने वाचून चष्मा काढला. ती साठी ओलांडलेली, परिचारिका म्हणून निवृत्त झालेली, आईशी आडपडदा न ठेवता बोलणारी.

"लेना लोवेन म्हणजे आपली लेना? रेल्वेच्या रस्त्यावरची?"

"तीच."

"आणि हे तुझ्या अंत्यविधीला वाचायचं? ती बाकावर बसलेली असताना?"

जस्टिनाबाई म्हणाल्या की कबूल करायचं ते सगळ्यांसमोर केलेलं बरं. आपल्या मनाने त्यांनी फार धैर्याचं काम केलं होतं.

"आई, तू मेल्यावर बोलणार आणि ती जिवंत असून गप्प बसणार. तिने उत्तर द्यायचं कुणाला? शवपेटीला?"

बाईंना राग आला. दोन दिवस त्या लेकीशी कामापुरतंच बोलल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी दुमजली पाव भाजले, एकावर एक गोळा बसवलेले, आणि एल्फ्रीडाला म्हणाल्या, गाडी काढ. बाहेर उणे सव्वीस होतं.

लेना आता त्र्याहत्तर वर्षांची, गावातल्या दुसऱ्या चर्चला जाणारी. सदुसष्ट वर्षांत दोघी दुकानात, टपालघरात शेकडो वेळा भेटल्या असतील. हवापाण्यापलीकडे बोलणं कधी गेलं नव्हतं. दार उघडून तिने आधी पावांकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"या बाई. वर्गणी हवी असेल तर मी नुकतीच दिली आहे."

चारची कॉफी झाली, पावावर प्लमचा मुरंबा झाला. एल्फ्रीडा गाडी गरम ठेवायचं निमित्त करून बाहेर गेली. मग जस्टिनाबाईंनी सांगितलं. पाठ केल्यासारखं नाही, अडखळत. लेनाने त्यांना एकही शब्द पुरवला नाही.

"पुडा माझ्या लक्षातही नाही," लेना शेवटी म्हणाली. "मला आठवतं ते निराळंच. तुम्ही 'आणते' म्हणालात ना? मी आईला सांगितलं, बाई आणणार आहेत. ती हसली. मी तिच्याशी भांडले. म्हटलं, आमच्या बाई खोटं बोलत नाहीत. बर्फ वितळेपर्यंत मी दर रविवारी तिच्याशी भांडत होते."

इतक्या वर्षांत जस्टिनाबाईंनी त्या पोरीचा रिकामा हात हजारदा पाहिला होता. घरी जाऊन ती आपली बाजू घेत होती, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

"मला क्षमा करशील?"

"बघते," लेना म्हणाली. "घाईने हो म्हटलं तर तेही खोटंच व्हायचं."

मग जस्टिनाबाईंनी पिशवीतून ते पान काढून तिच्यासमोर ठेवलं आणि विचारलं, हे माझ्या अंत्यविधीला वाचायचं आहे, यात कुठे चुकलं आहे, सांग. लेनाने ते नीट वाचलं आणि उलटं करून ठेवलं.

"यात तुम्ही आहात. मी फक्त हात पुढे करून उभी आहे. ही जागा मी लिहू का?"

बाईंनी होकाराची मान हलवली. लेना खिडकीशी बसून दुसऱ्या कागदावर लिहीत राहिली, मध्येच खोडत, मध्येच बाहेरच्या बर्फाकडे बघत. मग कागदाची घडी पाकिटात घालून तिने ते चिकटवून टाकलं.

"काय लिहिलंय ते विचारू नका. त्या दिवशी मीच वाचीन. आणि बाई, थंडीत देवाघरी जाऊ नका, माझे गुडघे धरतात."

जस्टिनाबाई हसल्या आणि हसताहसता त्यांचे डोळे भरून आले.

गाडीत एल्फ्रीडाने पाकीट हातात घेऊन उजेडाकडे धरलं. जस्टिनाबाईंनी ते काढून घेतलं. सेहेचाळीस वर्षं मुलांचं लिहिलेलं वाचूनच परत देण्याची सवय. बोटं एकदा चिकटवलेल्या कडेवरून फिरलीही.

"आई, आत काही भलतंसलतं असलं तर? सगळं गाव ऐकेल."

"ऐकू दे," जस्टिनाबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर त्यांनी आपलं ते पाचवं पान काढून टाकलं आणि पाकीट चौथ्या आणि सहाव्या पानाच्या मध्ये ठेवलं.