संडासाच्या दारातला डबा

मी डबा बोलतोय. नाकाला रुमाल लावू नका, रोज घासला जातो मी. जन्माने ऑइलपेंटचा. लालबागच्या आमच्या चाळीचा कठडा रंगवून झाला आणि शांताबाईंनी मला उचलून संडासाच्या कामाला लावलं. नशीब एकेकाचं!

आमच्या चाळीत सामायिक संडासापुढे माणसं उभी राहत नाहीत, डबे राहतात. डबा ठेवला की नंबर लागला. माणसं घरी चहा पितात, आम्ही ताटकळतो. त्यामुळे कोणाचं पोट कसं, हे डॉक्टरच्या आधी मला कळतं. पोरं सुसाट येतात नि जातात. म्हातारे पुरुष आत बसले की बसलेच. शांताबाईंचा नवरा कुशाबा अख्खा पेपर वाचून बाहेर येतो आणि म्हणतो, आज पण नाय. बायांचं उलट. वय वाढतं तशी त्यांची घाई वाढते. का, ते कोणी विचारत नाही.

मध्यंतरी शांताबाईंनी मला दारातून हलवणंच बंद केलं. सकाळ असो, दुपार असो, पहिला नंबर माझा. त्या कुठे जाईनाशा झाल्या. माटुंग्याला लेकीकडे, सीमाकडे, नातीचं बारसं ठरलं, तर म्हणाल्या गुडघे दुखतात. साफ खोटं. गॅलरीत बसून नातीचं झबलं शिवता शिवता रडायच्या, मी पाहिलंय.

चाळ पुनर्विकासाला निघालेली. कमिटीच्या माधवरावांच्या डोक्यात आलं, की शांताबाई संडासावर कब्जा दाखवून नव्या इमारतीत जास्त जागा मागणार. झालं! मीटिंग बोलावली. पुरावा म्हणून मला स्टुलावर बसवलं, फोटो काढले. हार तेवढा घालायचा राहिला. कुशाबाही भडकला. "मी तासन् तास थांबतो, हिलाच काय धाड भरलीय," असं चारचौघांत बोलला.

शांताबाई उठल्या.

"जागा नको मला. तीन बाळंतपणं झाली, आत फाटलं, टाके पडले. तेव्हा निभावलं. आता वय झालं, लागली की थांबवत नाही. एकदा जिन्यातच झालं. बारशात झालं तर लेकीला काय तोंड दाखवू?"

आता हे हसणार, म्हणून माझा जीव अर्धा झाला. पण आनंदीबाई हळूच म्हणाल्या, "माझं पण तसंच आहे." मग नलूताई बोलल्या. शेवटी माधवरावांची आईच उठून उभी राहिली. माधवरावांनी मला गुपचूप स्टुलावरून उतरवलं, तेही दोन्ही हातांनी.

सीमा आईला डॉक्टरकडे घेऊन गेली. त्यांनी खालचे स्नायू आवळून धरायचे व्यायाम दिले, खाण्यापिण्याचं सांगितलं. बाळंतपण आणि वय मिळून पुष्कळ बायांचं असं होतं, लाजू नका म्हणाले. थोडा फरक आहे. तुमच्या घरातल्या बाईनं बाहेर जाणं सोडलं, तर जवळ बसून विचारा हो. डब्यावर बोलायची पाळी आणू नका.

बारशाला कुशाबाने मला साडीच्या दुकानाच्या पिशवीत घालून सोबत घेतलं. वेळ काय सांगून येते, म्हणाला. हॉलच्या दारात सीमाच्या सासऱ्यांनी पेढा पुढे केला. तो न घेताच कुशाबाने खणखणीत आवाजात विचारलं, "व्याहीबुवा, संडास कुठंय?"

अख्खा हॉल हसला. म्हातारबांना जोराची लागलेली दिसते, असं कोणीतरी म्हणालं. कुशाबा हो म्हणाला. मग त्याने संडासाजवळच्या दोन खुर्च्या धरल्या, एकीवर शांताबाईंना बसवलं आणि मला मांडीवर घेऊन तो शेजारी बसला.