डावी बाजू

शिवरामांनी मधलं बोट दुमडलं आणि त्याच्या पेराने गाडीच्या डाव्या दारावर टकटक केली. मग जरा खाली, चाकाच्या वर. मग पुन्हा दारावर. कान लावून तो आवाज ऐकला आणि कमरेवर हात ठेवून ते उभे राहिले.

“हिला मार बसलाय,” ते म्हणाले. “डाव्या अंगाला. आत पुट्टी भरलीय.”

“काका, काय बोलताय!” सूरज हसत पुढे आला. घोडबंदर रोडवरच्या या जुन्या गाड्यांच्या यार्डात गिऱ्हाईक सांभाळायचं काम त्याच्याकडे होतं. “एक स्क्रॅच नाही हिला. डॉक्टरची गाडी आहे. फक्त संडेला काढायचा.”

“सगळ्या गाड्या डॉक्टरच्याच असतात रे बाबा. कंपाउंडरची एक पण कधी विकायला येत नाही.”

सम्यक आत बसला होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर. बारा वर्षं जुनी, लाल, दोनच सीटची गाडी. बटण दाबलं की छप्पर घडी होऊन मागे जायचं. त्याने ते तीनदा उघडून मिटून पाहिलं होतं. अण्णांची ही टकटक आता त्याच्या डोक्यात जायला लागली होती. सकाळपासून बापाने नुसता मोडता घालायचा धंदा चालवला होता.

सकाळी दोघं माजिवड्याच्या शोरूमला जाऊन आले होते. तिथली नवी गाडी थोडी ओढाताण करून बजेटमध्ये बसत होती. पण सम्यकच्या मते ती साधीच गाडी होती, नुसता फेटा बांधलेली. चार दारं, मागे डिकी, इंजिन तेवढं जोरदार आणि अंगावर पट्टे. त्यात वेटिंग आठ महिन्यांचं. शिवराम मात्र तिच्यावरच अडून बसले. जन्मभर लोकांच्या गाड्या हाकल्या, ट्रक म्हणू नका, टँकर म्हणू नका. आता आपल्या दारात येईल ती कोरी यावी, सीटवरचं प्लास्टिक आपल्या हाताने फाडावं, असं त्यांचं म्हणणं.

“आठ महिने म्हणजे काय,” ते म्हणाले होते, “जातील बघता बघता.”

ते ऐकताच सम्यक खुर्चीवरून उठला होता.

मे महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला समोर बसवून सगळं सांगितलं होतं. काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेलेला, आणि गेलेलं परत येत नाही. उजव्याचंही कडेकडेने कमी होत चाललंय. थेंब घालत राहा, वर्षभर तरी धरेल असं समजू. आणि गाडी चालवणं बंद करा. चौतिसाव्या वर्षी हे ऐकायचं! घरी फक्त बायकोला, वैशालीला, ठाऊक होतं. तिने दोन दिवस भाकऱ्या थापताना रडून घेतलं आणि मग कंबर कसली. अण्णांना यातलं अक्षर कळता कामा नये, असं सम्यकने तिच्याकडून वदवून घेतलं होतं. ज्या माणसाने रात्रंदिवस टँकर चालवून पोराला इंजिनिअर केलं, त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं?

आणि तेव्हापासूनच हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं. कॉलेजात असल्यापासून मनात होती ती गाडी घ्यायचीच. वर्ष तर वर्ष. पण ते वर्ष वेटिंगमध्ये घालवायचं नाही. वैशाली यावरून त्याच्याशी कडाकडा भांडली होती. तुझं ठीक आहे, पण समोरून येणाऱ्याचं काय, असं तिने विचारलं आणि तो पाय आपटत गॅलरीत निघून गेला. गेले तीन दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती.

“साहेब, एक राउंड मारून या ना,” सूरज म्हणाला. “चालवल्यावर बोलूच नका. डायरेक्ट टोकन द्याल.”

सीट दोनच, त्यामुळे सूरज मागे राहिला. अनामत म्हणून त्याने त्यांच्या जुन्या गाडीची चावी ठेवून घेतली. शिवराम गुडघे सांभाळत डावीकडच्या सीटवर उतरले. उतरलेच म्हणायचं, एवढी ती सीट खाली होती.

सर्व्हिस रोडवर आल्यावर सम्यकने जरा पाय दाबला. गाडी गुरगुरली आणि पाठीला सीट चिकटली. डोक्यावर उघडं ऊन, कानाला वारा. अरे वा! किती तरी महिन्यांनी त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. त्याला हसू आलं, मोठ्याने ओरडावंसं वाटलं.

“डावीकडनं रिक्षा,” शिवराम म्हणाले. “येऊ दे तिला. येऊ दे... हां, चल आता.”

सम्यकने ब्रेक मारला होता. रिक्षा पुढे निघून गेली.

“बाईकवाला घुसतोय. दे त्याला. चल.”

हा सूर सम्यकच्या ओळखीचा होता. लहानपणी सुट्टीत तो अण्णांच्या ट्रकमध्ये बसायचा, तेव्हा क्लीनर असाच बोलायचा. ट्रकची डावी बाजू ड्रायव्हरला नीट दिसत नाही, ती क्लीनरने सांगायची.

“अण्णा, हा ट्रक नाहीये.”

“असू दे. सवय आहे.”

पुढे रस्ता मोकळा दिसला. सम्यकने गिअर बदलला. त्याच क्षणी शिवरामांनी मधला हँडब्रेक दोन्ही हातांनी खेचला. गाडी किंचाळत तिरकी झाली आणि बंद पडली. बॉनेटपासून हातभर अंतरावर भाजीची एक हातगाडी होती आणि ती ढकलणारी बाई छातीला हात लावून उभी होती. गाडीवरची टोपली कलंडून टोमॅटो रस्ताभर झाले होते.

“आंधळा आहेस काय रे, मेल्या!” बाई ओरडली. “एवढी गाडी दिसत नाही? पोरं आहेत माझी घरात!”

हातगाडी कुठून आली, हेच सम्यकला कळलं नव्हतं. शिवराम उतरले. त्यांनी बाईची माफी मागितली, वाकून टोमॅटो वेचले, दोन टपरीखाली गेलेलेही काढून आणले. मग परत येऊन बसले आणि गाडी बाजूला घे म्हणाले.

गाडी बाजूला लागली. सम्यकने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. आणि तसं बसल्या बसल्या त्याला एकेक आठवत गेलं. अण्णा बत्तीस वर्षं ड्रायव्हर होते. क्लीनर जेमतेम दीड वर्ष, तेही लग्नाआधी. सवय असती तर स्टिअरिंगची असती. आणि हल्ली गाडी काढली की ते पायात चपला सरकवून तयार असायचे. मटण आणायचं असो, विठ्ठलवाडीहून नुसतं कल्याणला जायचं असो, पुढची सीट त्यांची. वैशाली मागे.

“वैशालीने सांगितलं तुम्हाला?”

“तिने कशाला सांगायला पाहिजे?” शिवराम समोर बघत म्हणाले. “चौदा एप्रिलला मिरवणुकीत तू तिला हाका मारत होतास. वैशाली, वैशाली करून. ती तुझ्या डाव्या अंगालाच होती. खांद्याला खांदा लावून.”

म्हणजे डॉक्टरांच्याही आधी.

“मग बोलला का नाहीत?”

“तू सांगशील म्हणून थांबलो. तू बोलेनास, मग माझ्याच्याने विचारवेना. तुझ्या आईला पण नाही सांगितलं.” ते खाकरले. “रात्री झोप येत नाही, सम्या. एकदा विचार केला, माझा काढून बसवता येतो का विचारून यावं डॉक्टरला.”

सम्यकने तोंड फिरवलं.

“आणि हिला मार बसलाय म्हणालात ते?”

“कसला मार! ठणठणीत आहे गाडी. पत्रा एकदम कोरा वाजतोय.” शिवरामांनी दारावरून तळवा फिरवला. “तुझा जीव आहे तर घे हीच. मी बसत जाईन डावीकडे. रोज बसेन.”

त्यांनी हे इतक्या गरिबीने म्हटलं की सम्यकला भडभडून आलं. पुढे ती बाई हातगाडी ढकलत उतारावरून चालली होती.

“तिला लागलं असतं ना, अण्णा?”

“हो,” शिवराम म्हणाले. “मेली असती.”

सम्यक रडला. बापासमोर इतका तो दहावीनंतर पहिल्यांदाच रडला असेल. शिवरामांनी त्याला रडू दिलं, नुसता पाठीवर हात ठेवला. मग सम्यकने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं, दार उघडलं, बॉनेटला हात लावत गाडीला वळसा घातला आणि डाव्या दाराशी येऊन उभा राहिला. शिवराम सरकून उजवीकडे गेले.

म्हाताऱ्याला गाडी चालवत येताना बघून सूरज चक्रावलाच.

“काय साहेब, पसंत?”

“खूप,” सम्यक म्हणाला. “पण नको.”

पाचच्या सुमाराला बापलेक पुन्हा शोरूममध्ये जाऊन बसले. सकाळचीच मुलगी होती, करिश्मा. नाक मुरडून गेलेलं गिऱ्हाईक परत आलेलं बघून ती खूश झाली. पाणी आलं, चहा आला, फॉर्म आला. सम्यक कागद जरा उजवीकडे ओढून सावकाश भरत होता.

“सर, वेटिंग आठ महिने आहे, सकाळी बोललेच मी,” करिश्मा अवघडून म्हणाली. “सगळे त्यावरूनच भांडतात आमच्याशी.”

“हो. रंगाप्रमाणे कमीजास्त होतं का?”

“होतं ना. पांढरा सहा महिन्यांत पण देता येईल. ट्राय करते मी, सर.”

“आणि सगळ्यात जास्त वेळ कुठल्या रंगाला?”

“सर, कमी म्हणताय ना?”

“नाही. जास्त.”

तिने एकदा त्याच्याकडे, एकदा शिवरामांकडे बघितलं. मग कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं.

“पिवळा. तो ऑर्डरवर बनतो. चौदा महिने, जास्त पण लागतील.”

“मग पिवळाच लिहा,” सम्यक म्हणाला. “म्हणजे ती येईल तेव्हा स्टिअरिंगवर अण्णाच असतील.”

तिने लिहिलं. काकांनाही विचारायला हवं असं वाटून तिने रंगांचं कार्ड शिवरामांपुढे सरकवलं. त्यांनी ते हातात धरून बराच वेळ बघितलं.

“चांगलाय,” ते म्हणाले. “लांबून दिसतो.”