तक्रार नसलेली गल्ली

संध्याकाळी शहापुरातले यंत्रमाग आणि नव्या मंगल कार्यालयाचे एसी एकदम सुरू झाले, की रचनाच्या घरातला दिवा लालसर व्हायचा. तिच्या दोन वर्षांच्या प्रियाचं वाफेचं मशीन अडखळायचं. पोरीच्या छातीत सारखी घरघर. ते मशीन थांबलं की रचना तिच्या बरगड्यांकडं बघत बसायची.

गल्लीतले परशरामअण्णा गणपतीचंच पावतीपुस्तक घेऊन नव्या ट्रान्सफॉर्मरची वर्गणी मागत फिरत होते. सासूबाई, जयाबाई, म्हणाल्या देऊन टाक. रचनाचं डोकंच फिरलं. बिलं आम्ही भरायची आणि ट्रान्सफॉर्मरही आम्हीच आणायचा? सकाळी ती तडक वीज ऑफिसात गेली. साहेबांनी कॉम्प्युटर तिच्याकडं वळवला. कंपनी स्वतःच्या खर्चानं बदलून देते, पण जास्त तक्रारी असलेल्या गल्ल्या आधी. तुमच्या गल्लीची सहा वर्षांत एकही नाही.

कशी असणार? फ्यूज उडाला की गल्ली वर्गणी काढून लाइनमन मष्णूला बोलवायची. तक्रार केली तर बिचाऱ्याला वरनं बोलणी बसतील, म्हणून सगळे गप्प. कागदावर गल्ली सुखात होती.

त्याच संध्याकाळी फ्यूज उडाला. मष्णूनं खांबाला शिडी लावली, तोवर रचना प्रियाला कडेवर घेऊन आडवी उभी.

"मष्णूअण्णा, चढायचं नाही. आधी तक्रार नोंदवणार."

"वैनी, पोरगी बघा की, कशी धापालीय."

"माझीच पोरगी आहे. दिसतंय मला."

मागावरची साडी अडकलीय, शिकल्याचा माज दुसरीकडं दाखव, असं परशरामअण्णा बरंच बोलले. ती वीज कंपनीच्या तक्रार नंबरला फोन लावून कन्नडमध्ये पत्ता सांगत राहिली. नजर प्रियाच्या ओठांवर. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडं इन्व्हर्टर आहे, हे तिनं आधीच बघून ठेवलं होतं.

तक्रारीचा नंबर आला. तिनं अण्णांच्या हातातलं पुस्तक ओढलं, कोऱ्या पावतीवर नंबर लिहिला आणि पुस्तक परत त्यांच्या छातीशी धरलं.

"ही माझी वर्गणी. आता घरटी एकेक अशीच द्यायची."

आणि प्रियाला घेऊन ती डॉक्टरांकडं पळत सुटली. मागं मष्णूनं शिडीवर पाय ठेवला असावा, कारण अंधारात जयाबाईंचा आवाज आला.

"थांब रं मष्णू. माझा नंबर अजून आल्याला न्हाय."