इद्दरचा एक घोट

मी लाल्ला. आमच्या डोंगरात घरंदाज बाईला असं म्हणतात, पण मी खेचर आहे. आई घोडी, बाप गाढव. दोन्हीकडच्यांनी मला आपल्यात धरलं नाही, ओझी मात्र दोन्हीकडची माझ्या पाठीवर आली.

दोन वर्षांची होते, तेव्हा रविवारच्या बाजारात इद्दरनं मला घेतलं. बाकीची माणसं माझे दात बघत होती, खूर उचलून पाहत होती. यानं आधी कानामागे खाजवलं आणि म्हणाला, "ही कुरकुरणारी नाही." मी पुढे पुष्कळ कुरकुरले, पण त्यानं ते मनावर घेतलं नाही.

बार्लीची पोती वाहिली, नवरीचे गालिचे वाहिले, एकदा अख्खं शिवणयंत्र वाहिलं. मग परदेशी पाहुणे यायला लागले. त्यांच्या पिशव्या वाहिल्या आणि दमले की त्यांनाही. माणसं सामान किती बांधतात आणि त्यातलं बाहेर किती थोडं काढतात, हे माझ्या पाठीला विचारा.

त्या वर्षी रमजान ऐन उन्हाळ्यात आला. असल्या दिवसांत पाहुणे फिरकत नाहीत. पण हालिना आली. पोलंडची, पासष्टीची, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली. इद्दरच्याच घरी उतरली. दोघांचंही फ्रेंच मोडकं, त्यामुळे गप्पांना जोर होता.

सकाळी आम्ही खिंडीकडे निघालो. दुपारपर्यंत दगड तापले. माझ्या पाठीवर बसलेली हालिना बोलायची थांबली. मग तिचा तोल जायला लागला, तसं इद्दरनं तिला उतरवून झुडपाच्या सावलीत बसवलं.

"मादाम, पाणी प्या."

"नाही. तुम्ही उपाशी, तहानलेले. तुमच्यासमोर मी पिणार नाही."

"अहो, रोजा माझा आहे! तुमच्या तहानेचं त्याला काय?"

"संध्याकाळी दोघं मिळून पिऊ," ती म्हणाली आणि हट्टी मुलीसारखे तिनं ओठ मिटून घेतले.

थोड्याच वेळात ती भलतंच बोलायला लागली. शाळेतल्या कुणाला तरी फळा पुसायला सांगत होती. इद्दरनं तिच्या पिशवीच्या तळाशी दडवलेली बाटली काढली, तिच्या तोंडाला लावली. तिनं मान फिरवली. गाव तीन तासांवर होतं. 

इद्दरनं एकदा आभाळाकडे बघितलं. मग बाटली स्वतःच्या तोंडाला लावली आणि तिला दिसेल असा एक घोट प्यायला.

"हे बघा, मी प्यालो. आता तुम्ही."

तिनं डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं आणि बाटली हातात घेतली. ती पीत राहिली.

नेमका त्याच वेळी वरच्या वळणावरून बासू उतरत होता. बासू आमच्याच गावचा, खेचरवाला. त्याला तो घोट तेवढा दिसला.

"वा रे इद्दर! गावात रोजा आणि डोंगरात मजा?"

इद्दर त्याच्याकडे पाठ करून हालिनाला सावरत राहिला. त्यानंतर त्यानं दिवसभर थेंबही तोंडात घेतला नाही, पण ते कोण बघणार?

आम्ही पोचायच्या आधी गोष्ट गावात पोचली होती. मशिदीच्या भिंतीपाशी बसलेल्या म्हाताऱ्यांनी इद्दरच्या सलामाला उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याची बायको तूदा ओढ्यावरून तणतणत आली.

"बायका मला बघून गप्प होतात! खरं काय ते सांग."

त्यानं माझ्या गोठ्यात उभं राहूनच तिला सगळं सांगितलं.

"मग गावाला सांग ना!"

"काय सांगू? पाहुणीनं वेडेपणा केला म्हणून? आपला मान राखायलाच ती तहानलेली राहिली, तूदा."

तूदाला फ्रेंचचा गंध नव्हता. तरी तिनं हालिनाचा हात धरून तिला अंगणात आणलं, पाणी पिण्याची खूण केली, इद्दरकडे बोट दाखवलं आणि गाव कशी पाठ फिरवतं ते फिरून दाखवलं. हालिनाचा चेहरा पडला.

त्या संध्याकाळी अजानची वाट बघत सगळं गाव चौकात जमलं होतं. हालिना मला दाव्यानं ओढत मधोमध घेऊन आली. माझ्या पाठीवर चढली, डुलली, आणि धूळ उडवत खरोखरच जमिनीवर लोळली. मग इद्दर झाली, बाटली पुढे केली. मग पुन्हा हालिना झाली, तोंड घट्ट मिटलं. मग इद्दर, एक घोट. शेवटी स्वतःच्या छातीवर हात ठेवून ती म्हणाली, "मी. चूक माझी."

कुणी हसेना. मग एका आजीनं पुढे होऊन तिच्या केसांतली धूळ झटकली आणि सगळेच हसले.

"अरे गाढवा," बासू इद्दरला म्हणाला, "तेव्हाच बोलायला काय झालं होतं?"

गाढवा म्हणाला ते मला जरा लागलं. वडिलांकडचं नातं आहे.

हालिना गेली. अक्रोड उतरवायच्या दिवसांत इद्दरनं बुडालेल्या रोज्याची भरपाई केली. गाव पोटभर जेवत होतं आणि तो एकटा उपाशी. दुपारी बासू येऊन शेजारी बसला. तूदानं त्याच्यापुढे चहा आणि भाकरी ठेवली.

"नको वहिनी," तो खाली बघत म्हणाला. "माझाही आज रोजा आहे."

कसला, ते कुणी विचारलं नाही. दिवस मावळेपर्यंत दोघं अक्रोड फोडत बसले.

आता मी म्हातारी झाले. खिंडीपर्यंत सडक आली आहे, पाहुणे गाडीनं जातात. माझे गुडघे धरतात, दात पडले आहेत, बार्ली भिजवून द्यावी लागते. इद्दर देतो. माझं मागणं एवढंच आहे. आमच्याकडे आलात तर दुरून आमचा मान राखत बसू नका. आमची माणसं आपणहून काही सांगत नाहीत. जवळ येऊन विचारा. आणि चढावर जमलं, तर थोडं पायी चाला.