तिसऱ्या प्लगवरचं पाणी

मारोतराव दवाखान्याच्या वाटेवर, स्वतःच्याच गाडीच्या मागच्या सीटवर गेले. म्हणून तेरवीच्या दिवशी त्यांच्या धाकट्या भावानं, हिरालालनं, घराबरोबर गाडीचंही सुतक फेडलं. गोमूत्र आणि तुळशीची पानं टाकलेलं पाणी पाइपानं बॉनेटखालीही मारलं. तेव्हापासून गाडी उभ्या उभ्या थरथरायची, चढावर दम सोडायची.

आज हिरालाल गाडी विकायला कामरगावच्या उदयसिंग मिस्त्रीला घेऊन आला होता. उदयसिंगनं नुसता आवाज ऐकला.

"इंजिन बसलं. भंगारात घेतो."

"दादानंच मारली," हिरालाल म्हणाला. "भाजीचे कॅरेट लादून हाणली नुसती. तेल तरी पाह्यलं का कधी?"

ओसरीवर मारोतरावांची लेक रत्नमाला उभी होती. चहाच्याही आधी तेलाची पट्टी पुसून बघणाऱ्या माणसाबद्दल, त्याच्याच अंगणात हे बोललं जात होतं. ती खाली उतरली.

"चालू ठेवा गाडी."

"तुले काय समजते त्यातलं, रत्ने?"

"बाबासंगं हात काळे मीच करत होती, काका. तुमी नाही."

तिनं एकेका प्लगवरच्या कॉइलची वायर काढून परत लावली. पहिली काढली तशी गाडी जास्तच हादरली. दुसरी, तसंच. तिसरी काढली, फरक नाही. चौथी, पुन्हा हादरा.

"फक्त तिसरा प्लग ठिणगी मारून नाही राह्यला. कोणतं इंजिन बसलं, भाऊ?"

"कान बसले असतील माहे," उदयसिंग पुटपुटला.

इंजिन बंद करून, थंड झाल्यावर तिनं तिसरी कॉइल उपसली. रबर फाटलेलं. त्याला तुळशीचं अर्धं पान चिकटलेलं, आणि खाली प्लगच्या खळग्यात पाणी.

हिरालाल पानाकडे बघत राहिला. "म्या तं शुद्ध करून राह्यलो होतो..."

"कायचं शुद्ध? माहे बाबा होते त्या सीटवर. घाण नव्हती."

तिनं चिंधीनं पाणी टिपलं, कॉइल पुसून उन्हात वाळवली, बाबांनी डिक्कीत जपून ठेवलेला नवा प्लग बसवला. चावी फिरवली. गाडी एका लयीत चालू झाली.

"आता म्हणा, काका. भाऊंसमोर म्हणा, कोणं मारली गाडी?"

हिरालालनं मान खाली घातली. "दादानं नाही."

रत्नमालानं बॉनेट आपटलं. आई बाहेर आली, कोणालाच न विचारता मागच्या सीटवर जाऊन बसली.