तिसऱ्या घरापर्यंत

लोणखेड्याच्या बन्सीलाल पाटलाला एसटीतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, तरी माणूस घरात टिकत नव्हता. तीस वर्षं शहादा-तोरणमाळ गाडीवर कंडक्टर म्हणून काढलेली, त्यामुळे कुणाला तरी कुठे तरी उतरवल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. पहिले सहा महिने त्याने धनुबाईला भाकरी कशी थापावी हे शिकवलं. मग धनुबाईनेच त्याला घराबाहेर काढलं.

बाहेर म्हणजे कॉलेजात. तिथे कुंदन नावाचा भूगोलाचा तरुण मास्तर दर रविवारी लोकांना नकाशा शिकवायचा. हा नकाशा इंटरनेटवरचा, सगळ्यांचा. ज्याला वाटेल त्याने त्यात आपलं गाव, विहीर, पायवाट भरावी आणि ज्याला लागेल त्याने तो फुकट वापरावा. पगार नाही, भत्ता नाही. पोरं दोन रविवार येऊन गळाली, बन्सीलाल मात्र चिकटला. उपग्रहाच्या फोटोवरून छपरं टिपायची, मग पायी जाऊन खात्री करायची, नाव विचारून लिहायचं. वर्षभरात तालुक्यात सगळ्यात जास्त भर त्याची. गावात तो सांगत फिरू लागला की सातपुड्याचा नकाशा माझ्या खिशात आहे. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच.

ऑगस्टातल्या एका गुरुवारी सकाळी सात वाजता त्याला चैत्याचा फोन आला. चैत्या जामणपाड्याचा, तोरणमाळच्या पठाराखालच्या उतारावरचा. पाड्यात रेंज नाही म्हणून तो दीड तास चढून वर आला होता. गेल्या वर्षी कुंदनच्या शिबिरात दोघांची ओळख झाली होती, आणि जामणपाड्याची पाहणी करायला मी तुम्हाला घेऊन जाईन असं चैत्याने कबूलही केलं होतं.

"काका, रविनाला ताप आहे," चैत्या म्हणाला. रविना ही त्याची अडीच वर्षांची मुलगी. "अंगभर पुरळ. पाड्यात अजून पाच पोरं तशीच. गोवरवाल्या डॉक्टरांची गाडी काल फाट्यावर दिसली. येतेय म्हणून आम्ही थांबलो, नाहीतर पावसातच झोळी करून पोरीला इथे वर आणलं असतं. गाडी सरळ निघून गेली. इथे दवाखान्यात विचारलं तर म्हणतात जामणपाडा ओसाड आहे, नकाशात तसं लिहिलंय. तो नकाशा आपलाच ना, काका? कोणी लिहिलं ते बघा ना."

बघतो, एवढंच बन्सीलाल म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. बघायची गरज नव्हती, तरी त्याने बघितलं. या नकाशाची एक खोड आहे, कोणी काय कधी लिहिलं ते तो विसरत नाही. जामणपाड्यावर बोट ठेवलं तर खाली ओळ आली: ओसाड, वस्ती नाही. तारीख सोळा जानेवारी. आणि पुढे बन्सीलालचं स्वतःचं नाव.

त्या दिवशी काय झालं होतं ते त्याला लख्ख आठवत होतं. चैत्या ऊसतोडीला गुजरातेत गेला होता, म्हणून बन्सीलाल एकटाच उतरला. पहिल्या घराच्या दाराला काटेरी फांद्या लावलेल्या, दुसऱ्याच्याही तशाच, तिसऱ्याच्या ओट्यावर बसून त्याने भाकरी खाल्ली. डोंगरातला पाडा म्हणजे आपल्या तापीकाठच्या गावासारखा भिंतीला भिंत लावून बसलेला नसतो. ज्याचं शेत तिथे त्याचं घर, आणि दोन घरांमध्ये एक टेकडी. उरलेली आठ घरं पुढच्या उतारावर होती. साडेतीनची परतीची गाडी चुकली असती. कुंदनने बजावून ठेवलं होतं की निम्मी घरं पाहिल्याशिवाय आणि एका तरी माणसाला विचारल्याशिवाय ओसाड लिहायचं नाही. पण बन्सीलालने शितावरून भाताची परीक्षा केली. दिवाळीनंतर पाडे रिकामे होतात आणि होळीला भरतात, हे ज्याने तीस वर्षं आपल्याच गाडीत चढताना-उतरताना पाहिलं, त्याने तिसऱ्या घराच्या ओट्यावर बसून आठ घरं पुसून टाकली. आणि मग गाडीत एक झकास डुलकी काढली.

त्याने ओसाड खोडलं आणि वस्ती लिहिलं. दोन मिनिटांचं काम. मग त्याने कुंदनला फोन लावला आणि दुरुस्त केलं म्हणून सांगितलं.

कुंदन म्हणाला, त्याचा उपयोग नाही. गोवरच्या पथकाने तीन दिवसांपूर्वी सगळा नकाशा मोबाइलमध्ये उतरवून घेतलाय, कारण तिकडे रेंज नसते. आज तुम्ही इथे काहीही बदललं तरी त्यांच्या हातातल्या मोबाइलवर जामणपाडा ओसाडच दिसणार. बैल गेला अन् झोपा केला, तशी गत झाली. पथकाच्या दौऱ्याची यादी मात्र कुंदनकडे होती. आज दुपारपर्यंत ते पलीकडच्या दरीतल्या आश्रमशाळेत असतील, असं त्याने सांगितलं.

बन्सीलालने तालुक्याला फोन लावला. साहेब मीटिंगमध्ये होते. दुसऱ्याने सांगितलं, यादी सोमवारी बदलेल. तिसऱ्याने अर्ज पाठवा म्हटलं. चौथ्या वेळी बन्सीलाल ओरडला, तेव्हा समोरच्याने फोन ठेवून दिला. गणपतीला नवस बोलावा असं त्याला वाटलं, पण कोणत्या तोंडाने बोलणार? तोरणमाळलाच थांब, मी येतोय, असं त्याने चैत्याला फोनवर सांगितलं, छत्री घेतली आणि चपला घातल्या.

"जेवीसन तरी जा," धनुबाई म्हणाली. "सकायपाईन पोटमा काहीच नही."

तो उंबऱ्यात थांबला. तिला सांगावं असं त्याच्या मनात आलं. पण सांगितलं असतं तर तिने काहीतरी समजुतीचं म्हटलं असतं, आणि ते त्याला सोसलं नसतं.

"मन्हाकडथीन मोठी चूक व्हयनी," एवढंच तो बोलला आणि निघाला.

नऊची गाडी घाटात धुक्यात अडकली. पुढे दरड आली होती, अर्धा तास ती बाजूला करण्यात गेला. बन्सीलाल खाली उतरून चिखलात दगड ढकलत होता, तेव्हा नवा कंडक्टर म्हणाला, काका तुम्ही बसा, ते काम आमचं. बन्सीलालने ऐकलं नाही. हात रिकामे राहिले की ती तारीख डोळ्यांपुढे येत होती.

तोरणमाळला चैत्या भिजून उभा होता. पहाटे निघताना पोरगी पाणी पीत होती, असं त्याने दोनदा सांगितलं. दोघं एका जीपला लटकून आश्रमशाळेच्या फाट्यापर्यंत गेले आणि तिथून पळतच खाली उतरले. दोन वाजले होते. वऱ्हांड्यात पोरांची रांग होती, टेबलामागे डॉक्टर आणि सरलाबाई नावाच्या नर्स बसल्या होत्या.

डॉक्टर वाईट माणूस नव्हता. तीन दिवस झोपला नव्हता. यादीत अजून सतरा पाडे आहेत, तुमचा त्यात नाही, परवा परतताना बघतो, असं तो म्हणाला. चैत्याने हात जोडले. सरलाबाईंनी मोबाइल पुढे धरला आणि म्हणाल्या, हे बघा, इथे वस्तीच नाही असं आहे, आम्ही काय करायचं?

"ते मी लिहिलंय," बन्सीलाल म्हणाला. "खोटं आहे ते. मी तीन घरं पाहिली आणि अकरा घरांचा पाडा ओसाड लिहिला. आत पोरं आजारी आहेत, बाई."

चैत्या बाजूलाच उभा होता. त्याने जोडलेले हात सोडले. बन्सीलालकडे त्याने पाहिलं नाही.

सरलाबाईंनी औषधांची पेटी उचलली. डॉक्टरांना त्यांनी विचारलंसुद्धा नाही, मी जाऊन येते म्हणाल्या. गाडीत बसल्यावर मात्र त्यांनी बन्सीलालला एकच प्रश्न विचारला, असं अजून किती ठिकाणी लिहिलंय. चार, तो म्हणाला. त्यांनी चारही पाड्यांची नावं हाताच्या तळव्यावर पेनाने लिहून घेतली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं बन्सीलालला वाटलं.

फाट्यापासून पाऊलवाट निसरडी होती. चैत्या पेटी डोक्यावर घेऊन पुढे धावत होता. पहिलं घर गेलं. जानेवारीत काटेरी फांद्या होत्या तिथे आता मक्याची कणसं लटकत होती आणि दारात म्हातारा बसला होता. दुसरं गेलं. तिसऱ्याच्या ओट्यावर दोन पोरं गोधडीत पडली होती, डोळे लाल, अंगावर पुरळ. सरलाबाई त्यांचा ताप बघायला थांबल्या. चैत्याला म्हणाल्या, तू पुढे हो, मी आलेच. चैत्या टेकडीपलीकडे गेला. बन्सीलाल त्याच्या मागे धापा टाकत गेला. जानेवारीत न चढलेली ती टेकडी चढायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

पलीकडे चैत्याचं घर होतं. बाहेर सात-आठ माणसं खाली बसली होती. कोणी रडत नव्हतं. चैत्याची बायको भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या मांडीवर रविना होती, लुगड्यात गुंडाळलेली, चेहऱ्यावरूनही पदर घेतलेला. पोरगी दुपारी बारालाच गेली होती.

चैत्याने पेटी सावकाश खाली ठेवली, आत काहीतरी फुटेल अशा बेताने. मग तो बायकोशेजारी बसला.

बन्सीलाल अंगणाच्या कडेला उभा राहिला. जावं की थांबावं ते त्याला कळेना. सरलाबाई आल्या, पदर उचलून पाहिलं, पुन्हा झाकला आणि पाड्यातल्या बाकीच्या पोरांना आणायला सांगितलं. तेवढ्यात चैत्याची आई फुलीबाई उठली. ती बन्सीलालसमोर येऊन उभी राहिली आणि त्याच्याकडे निरखून पाहत पावरी बोलीत काही बोलू लागली, थांबून थांबून, खाली बघत. बन्सीलालला त्यातलं काही कळलं नाही. त्याने चैत्याकडे पाहिलं.

"आई म्हणते तिने तुम्हाला ओळखलं," चैत्या बसल्या जागेवरून म्हणाला. "थंडीत तुम्ही आला होता. आम्ही सगळे उसाला गेलो होतो, पोरीला आईकडे ठेवलं होतं. आई तिला घेऊन टेकडीवर लाकडाला गेली होती, तिथून तिने तुम्हाला खाली मोबाइल धरून फोटो काढताना पाहिलं. आईला वाटलं, जंगलातली शेती मोजायला जंगलखात्याचं कुणी आलं. माणूस दिसलं की नाव लिहून घेतात आणि शेत जातं, म्हणून ती घरी पळाली आणि कणगीमागे लपली. रविना रडायला लागली तर तिच्या तोंडावर हात धरून बसली." मग त्याने पुढचं सांगितलं. "आई म्हणते, मी बाहेर आले असते तर तुम्ही पाडा लिहिला असता. मग डॉक्टर आले असते. आई म्हणते, तिनेच पोरीला मारलं."

बन्सीलालला त्या क्षणी काय वाटलं ते सांगायला हवं, कारण त्याबद्दल त्याने पुढे कधी स्वतःला माफ केलं नाही. त्याला हलकं वाटलं. म्हातारी लपली, मग मी तरी काय करणार होतो, असं त्याच्या मनात येऊन गेलं. श्वासभर. मग त्याने फुलीबाईचा हात पाहिला. ज्या हाताने तिने पोरीचं तोंड झाकलं होतं, तो तिने दुसऱ्या हाताने मनगटाशी आवळून धरला होता.

"तिला सांग," तो चैत्याला म्हणाला, "तू बाहेर आली असतीस तरी मला दिसली नसतीस. मी टेकडीच्या अलीकडूनच परत गेलो. तिला सांग ना."

चैत्याने बायकोच्या मांडीवरचं लुगडं नीट केलं.

"हे मी नाही सांगणार, काका," तो म्हणाला. "तुम्ही सांगा."

बन्सीलालने तोंड उघडलं. तीस वर्षं त्याने या माणसांची तिकिटं फाडली होती. कुठे जायचं, किती जण, पुढे सरका, उतरा, एवढीच पावरी त्याच्याकडे होती. माझी चूक झाली यासाठी त्याने कधी कुणाला शब्द विचारला नव्हता. तो टेकडीकडे वळला. त्याने तीन बोटं वर केली, टेकडीपलीकडे हात दाखवला, स्वतःच्या छातीवर तीच बोटं आपटली आणि मग हाताने मागे वळून जाणारा माणूस करून दाखवला. फुलीबाई नुसती पाहत होती. त्याने पुन्हा केलं. एक घर, दोन घरं, तीन घरं, आणि परत. तुझ्या घरापर्यंत आलोच नाही. तिसऱ्यांदा करताना तो चिखलात घसरून गुडघ्यांवर आला, तरी बोटं तशीच वर होती.

फुलीबाईने त्याच्या बोटांकडे पाहिलं, मग टेकडीकडे. मनगटावरची तिची मूठ हळूहळू सुटली. दुपारी बारापासून न रडलेली ती म्हातारी खाली बसली आणि मोठ्याने रडू लागली. चैत्या उठून आईकडे गेला. जाताना तो बन्सीलालच्या अगदी जवळून गेला, पण त्याने त्याला उठवलं नाही.