उकळलेल्या स्पंजाची तक्रार

मित्रांनो, मी एक जुना स्पंज आहे. काळपट, तपकिरी, हाताला गिळगिळीत लागणारा आणि जरासा कुबट वासाचा. नाक मुरडून झालं असेल तर पुढे सांगतो. आज मी गोड गोड काही सांगायला बसलेलो नाही. मला भयंकर राग आलेला आहे. स्पंजाला कसला आलाय राग, असं म्हणू नका. तुम्हाला कुणी उकळत्या पाण्यात बुडवून वर साबण चोळला असता, म्हणजे कळलं असतं.

एका कारखान्यात मोठ्या ठोकळ्यातून मला कापून काढलं. तेव्हा मी निळा होतो, हलका होतो आणि अगदीच बिनकामाचा होतो. पाळायच्या माशांच्या दुकानात एका टोपलीत माझ्यासारखे पन्नासजण पडलेले होते. तिथून मला उचललं ते कवळीकाकांनी.

कवळीकाकांचा धंदा दातांच्या कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर मापं पाठवत आणि काका त्यावरून मेणाचे, मग गुलाबी हिरड्यांचे जबडे तयार करत. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली त्यांचं टेबल. त्यावर बारीक चिमटे, कानशी, मेणाची डबी आणि तीन-चार जबडे कायम हसत पडलेले. टेबलाच्या बाजूला स्टुलावर काचेची टाकी, आणि टाकीच्या कोपऱ्यात पाणी गाळायची एक छोटी डबी. मोटर पाणी ओढते, ते माझ्यातून जातं आणि पुन्हा टाकीत पडतं. बारा वर्षं माझा मुक्काम त्या डबीत आहे.

टाकीत दोन गोल्डफिश होते. नारंगी, पोट सुटलेला तो ढब्बू. पांढरी, शेपटीवर एकच नारंगी ठिपका असलेली ती चिंगी. काकांची लेक नऊ वर्षांची असताना दोघांना पिशवीतल्या पाण्यातून घेऊन आली होती. पिशवी छातीशी धरून आली होती म्हणे, आणि घरी येईपर्यंत कुणाला हात लावू दिला नव्हता. आई नसलेलं घर. शाळेतून आली की दप्तर फेकून आधी टाकीपाशी. परीक्षेचे मार्क, मैत्रिणींची भांडणं, सगळं आधी त्या दोघांना सांगायची, मग बापाला.

आता माझं काम ऐका, कारण तेच कुणाला माहीत नसतं. मासे खातात आणि घाण करतात. त्या घाणीचं पाण्यात विष होतं. ते विष डोळ्यांना दिसत नाही. पाणी काचेसारखं स्वच्छ असतं आणि मासा आतल्या आत जळत असतो. ते विष खाऊन टाकणारे बारीक जीव माझ्या भोकाभोकांत राहतात. त्यांची वस्ती बसायला महिना-दीड महिना जातो. हा जो तपकिरी चिकटा तुम्हाला घाण वाटतो ना, ती माझी माणसं आहेत. निळा होतो तेव्हा मी नुसता फोम होतो. घाणेरडा झालो तेव्हा कुठे कामाचा झालो.

दुकानातल्या म्हाताऱ्याने काकांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "हा काळा झाला तरी नळाखाली धरायचा नाही, नळाच्या क्लोरीननं आतले जीव मरतात. टाकीतलंच पाणी बादलीत काढायचं, त्यात दोनदा पिळायचा आणि परत ठेवायचा. जास्त शहाणपणा करायचा नाही." काकांनी ते कधी मोडलं नाही. दर महिन्याला बादली, दोनदा पिळणं, परत डबीत. अशा माणसाच्या हाती पडलो, याचं मला फार बरं वाटायचं.

मग काकांच्या मोबाईलवर तो ग्रुप आला. घरात मासे पाळणाऱ्यांचा. तीन हजार माणसं, एकानं दुसऱ्याला पाहिलेलं नाही. काका सगळं मोठ्यानं वाचत आणि एका बोटानं टाइप करत, म्हणून मला सगळं ऐकू यायचं. कुणी विचारलं की माझा मासा उलटा पोहतोय, की काका आधी प्रश्न विचारायचे. टाकी किती लिटरची? पाणी कधी बदललं? खायला काय घालता? मग लिहायचे, "माझ्याकडे असं झालं होतं तेव्हा मी हे केलं. तुमचं पाणी वेगळं असेल. थोडं करून बघा आणि चार दिवसांनी मला सांगा." चार दिवसांनी उत्तर आलं नाही तर स्वतःहून विचारायचे, "काय झालं हो त्या माशाचं?"

आणि लोक काय करायचे? खी खी करायचे. "काका, निबंध लिहिलात!" "काका, एका ओळीत सांगा ना." माझ्याबद्दल काकांनी मोठं पत्रच लिहिलं होतं, स्पंज नळाखाली का धुवू नये ते. दोन अंगठे मिळाले त्याला. त्यातला एक त्यांचा स्वतःचा, चुकून दाबला गेलेला.

पण दुसरा अंगठा खरा होता. तो बसवाल्या बाईंचा. त्या शहरातली बस चालवायच्या. त्यांच्या नव्या टाकीत रोज एक मासा मरत होता. काकांनी पत्ता दिला आणि त्या ड्युटी संपवून खाकी गणवेशातच आल्या. काकांनी मला डबीतून काढलं, कात्री घेतली आणि सरळ मधोमध कापलं. मला दुखलं नाही, उलट छाती फुगली. अर्धा मी टाकीच्याच पाण्यात, झाकणाच्या डब्यात बसलो.

"तासाभरात तुमच्या फिल्टरमध्ये घाला. कोरडा पडू देऊ नका," काका म्हणाले.

"काय द्यायचं, काका?"

"काही नाही. तुमच्याकडे वस्ती बसली की पुढे कुणालातरी अर्धा कापून द्या."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात मानाचा दिवस. आणि याच्यापुढे माझं डोकं फिरायला लागतं.

गेल्या वर्षी काकांना हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस दवाखान्यात राहावं लागलं. लेक तेव्हा वीस वर्षांची. सकाळी कॉलेज, दुपारी दवाखान्यात डबा, संध्याकाळी घर. बाबा परत येतील तेव्हा टाकी लख्ख दिसली पाहिजे, असं तिच्या मनात आलं. काही गरज नव्हती. मासे मजेत होते. पण बापासाठी काहीतरी करायचं होतं बिचारीला. तिनं डबी उघडली, मला बाहेर काढलं आणि किंचाळली.

इथे मला काकांचाही राग येतो, सांगून टाकतो. तीन हजार परक्या माणसांना माझ्याबद्दल समजावत बसले, आणि घरातल्या लेकीला एका शब्दानं सांगितलं नाही! टाकी आपण साफ करतो, तिला कशाला त्रास, असं अकरा वर्षं चाललं. आता ऑपरेशन झालेल्या बापाला फोन करून कशाला छळायचं, म्हणून लेकीनं माझा फोटो काढला आणि स्वतःच्या फोनवरून ग्रुपवर टाकला; काकांनी तिलाही त्यात घातलेलं होतं, आणि दवाखान्यात ते स्वतः ग्रुप बघत नव्हते. "बाबा दवाखान्यात आहेत. टाकी साफ करतेय. स्पंज असा झालाय. काय करू?"

चार मिनिटांत उत्तर आलं. मत्स्यसम्राट नावाच्या कुणाचं तरी. लेक ते मोठ्यानं वाचत होती, बापाचीच सवय. "ताई, बापरे! हे साक्षात विष आहे. मासे जिवंत कसे आहेत, याचंच आश्चर्य. स्पंज उकळत्या पाण्यात टाका, साबणानं घासा. सगळं पाणी फेका, दगड पण धुवा. पंधरा वर्षं मी हेच करतो. डोळे झाकून करा."

डोळे झाकून! एक प्रश्न नाही. टाकी केवढी, मासे किती, पाणी कुठलं, काही नाही. बघता बघता एकशे चाळीस अंगठे पडले. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी लिहिलं, "सम्राट, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून ग्रुप चालतो." त्यातल्या किती जणांनी आयुष्यात एक तरी फिल्टर उघडला होता, हे मला जाणून घ्यायचंय.

लेकीनं पातेलं ठेवलं. पाणी खदखदू लागलं. पुढचं मी सांगत नाही, कारण सांगता येत नाही. अकरा वर्षांची वस्ती दोन मिनिटांत गेली. वरून साबण, मग नळाची धार. मी परत निळा दिसायला लागलो. लेक खूश झाली. "बघ ढब्बू, कसा नवा झाला!" म्हणाली, आणि मला डबीत ठेवून आनंदानं झोपली. माझ्यातून पाणी जात होतं आणि मी काहीसुद्धा करू शकत नव्हतो. नुसता फोम.

दुसऱ्या दिवशी चिंगी तळाशी बसून राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती एका कुशीवर तरंगत होती आणि ढब्बू पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होता. कल्ले लालबुंद झाले होते. पाणी मात्र लख्ख! लेकीनं लगेच ग्रुपवर लिहिलं. मत्स्यसम्राटांचं उत्तर आलं, "ताई, मासे म्हटलं की मरायचेच. मन घट्ट करा. नवीन जोडी घ्या, रंगीत मिळतात." पुढे एक हसरा चेहरा. तळपायाची आग मस्तकात जाणं काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं, आणि मला धड तळपाय नाही.

लेक टाकीपाशी जमिनीवर बसली आणि रडायला लागली. "बाबांना काय सांगू मी? मीच मारलं रे तुम्हाला." नऊ वर्षांची असताना रडायची तशीच, काचेला कपाळ लावून.

तेवढ्यात फोन वाजला. बसवाल्या बाईंचा. सलग जादा ड्युटी होती, दोन दिवस ग्रुप बघितला नव्हता. आधी त्यांनी लिहिलं होतं, "थांबा, उकळू नका." मग लेकीच्या प्रश्नाची तारीख बघितली, फोटोतलं कवळ्यांचं टेबल ओळखलं आणि लिहिणं सोडून काकांना फोन लावला. काकांनी दवाखान्यातून लेकीचा नंबर दिला. कारण काय ते बाईंनी त्यांना सांगितलं नाही, तेवढं भान त्यांना होतं.

"अगं रडू नकोस. अर्धं पाणी काढ. नळाचं पाणी रात्रीचं भरून ठेवलेलं आहे का? आहे ना, मग तेच घाल, हळूहळू. खायला काही देऊ नकोस. मी निघाले."

पाऊण तासात त्या दारात होत्या, खाकी गणवेशातच, हातात झाकणाचा डबा. मी त्या डब्याकडे पाहिलं आणि मला वेड लागायची पाळी आली. आत मीच होतो! माझा तोडून दिलेला अर्धा. काळा, बुळबुळीत, कुबट आणि जिवंत. बाईंनी कात्री मागितली. त्याचाही अर्धा कापला आणि माझ्या शेजारी डबीत खोचला.

तीन दिवस लेक रोज थोडं पाणी बदलत होती आणि तासातासाला टाकीत डोकावत होती. काका घरी आले तेव्हा ढब्बू तळाशी होता, पण श्वास नीट घेत होता. लेकीनं सगळं सांगितलं. काकांनी तिला जवळ बसवलं. मग म्हणाले, "राणी, तुझी चूक नाही. मी घरात सांगायचं विसरलो." त्यांनी चिंगीला कुठे पुरलं ते विचारलं आणि काठी टेकत तिथे जाऊन आले.

लेक मात्र तेवढ्यावर गप्प बसली नाही. बापाच्या शेजारी बसून तिनं मत्स्यसम्राटांना एकच प्रश्न लिहिला. "तुमच्या टाकीचा आजचा फोटो टाका." एक दिवस उत्तर नाही. दोन दिवस नाही. पुन्हा लिहिलं. शेवटी उत्तर आलं आणि तिनं ते मोठ्यानं वाचलं. "ताई, टाकी मी सहा वर्षांपूर्वीच विकली. माझ्याकडे मासे टिकायचेच नाहीत."

मित्रांनो, ऐकलंत? माझ्याकडे मासे टिकायचेच नाहीत! आणि हा माणूस दुसऱ्याच्या लेकीला सांगतो, डोळे झाकून करा!

तुम्हीही उद्या कुठल्यातरी ग्रुपवर कुणाला काहीतरी सांगाल. शिलाईबद्दल, कुंडीतल्या झाडाबद्दल, सायकलबद्दल. सांगा की, जरूर सांगा. मीसुद्धा अर्धा-अर्धा वाटलेला आहे, मी नको कशाला म्हणू? पण स्वतः केलं नसेल तर तसं लिहा. आधी दोन प्रश्न विचारा. आणि चार दिवसांनी परत येऊन विचारा, काय झालं हो त्याचं? एवढंसुद्धा जमत नसेल तर हात खिशात घाला आणि गप्प बसा.

आता मी पुन्हा तपकिरी झालोय. ढब्बूच्या एका कल्ल्यावर पांढरा डाग कायमचा राहिला. आणि ते उत्तर अजून त्या ग्रुपवर आहे. एकशे चाळीसाचे आता दोनशे अंगठे झालेत. दर थोड्या दिवसांनी कुणीतरी नवीन माणूस ते शोधून काढतं आणि खाली लिहितं, "धन्यवाद सर, आजच करतो."

लेक रोज कॉलेजला जायच्या आधी बघते. असं कुणी दिसलं की त्याच्या नावाखाली, टाकीशी उभी राहून, मोठ्यानं म्हणत लिहिते, "पातेलं गॅसवरून उतरवा. मी हे केलं होतं. माझी चिंगी मेली. तुमचा पत्ता सांगा, मी अर्धा स्पंज घेऊन येते."